ऑपरेशन ठरलंय? मग रक्ताचं आधी बघा

गुडघा बदलायचा, गर्भपिशवी काढायची, खुब्याचं, मणक्याचं, असं तारीख ठरवून करायचं ऑपरेशन घरात कुणाचं असलं की सोलापुरात हमखास एकच प्रकार होतो. आदल्या दिवशी पेशंट ॲडमिट, संध्याकाळी सिस्टर हातात फॉर्म देतात की दोन बाटल्यांची सोय करा, आणि मग जावई, भाचे, गल्लीतली पोरं सगळे पळायला लागतात, व्हॉट्सॲपला मेसेज फिरतो "अर्जंट बी पॉझिटिव्ह पाहिजे". अहो, ऑपरेशन महिन्यापूर्वी ठरलेलं, त्यात अर्जंट कुठनं आलं? मी रक्तपेढीत काउंटरच्या आतल्या बाजूला असतो, टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, त्यामुळं औषधगोळ्यांचं शेवटचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारायचं, पण बाकीचं कसं चालतं आणि कुठं अडतं ते रोज दिसतं म्हणून लिहितोय. रक्ताची खरी तयारी महिनाभर आधी सुरू होते, आणि पिशवी लागूच नये यासाठी धडपड करणं हा त्यातला पहिला भाग, जो लोक करतच नाहीत.

तारीख ठरली त्याच दिवशी हिमोग्लोबिन

सर्जननी ऑपरेशन सांगितलं की लगेच सीबीसी (रक्ताची साधी तपासणी, त्यात हिमोग्लोबिन कळतं) करून घ्या, ॲडमिट व्हायची वाट बघू नका. पुरुषाचं १३ च्या खाली, बाईचं १२ च्या खाली असेल तर तो ॲनिमिया, आणि तो घेऊन टेबलावर जायचं म्हणजे थोडं रक्त गेलं तरी बाटली चढवावी लागणार. आपल्याकडं गर्भपिशवीच्या ऑपरेशनला येणाऱ्या बायकांचं तर हे ठरलेलंच असतं, दोन-तीन वर्षं पाळीला जास्त जातंय, विड्या वळत दिवसभर बसायचं, दोन घास भाकरी आणि चार वेळा चहा, आणि हिमोग्लोबिन ८ नाहीतर साडेआठ. यांना विचारलं की म्हणतात थकवा तर कायमच आहे ओ.

यावर चार ते सहा आठवडे मिळाले तर बऱ्याच जणींचं काम गोळ्यांवर भागतं. डॉक्टर फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) बघतील, बी-ट्वेल्व्ह बघतील, शंका आली तर थॅलेसेमियाची टेस्ट सांगतील, कारण प्रत्येक कमी हिमोग्लोबिन लोहामुळंच असतं असं नाही, आणि वय झालेल्या माणसाचं लोह का कमी झालं, पोटातनं कुठं रक्त जातंय का, हे पण बघावं लागतं. लोहाची गोळी शक्यतो उपाशीपोटी, लिंबूपाण्यासोबत घेतली तर जास्त लागू पडते, आणि चहा तिच्या आगेमागे तासभर तरी नको, चहात लोह अडकून जातं. हल्ली काही डॉक्टर रोजच्याऐवजी दिवसाआड देतात, पोटाला त्रास कमी होतो आणि अंगाला लागते पण नीट. शी काळी होते, घाबरून गोळी बंद करू नका. वेळ कमी असेल किंवा गोळी सोसत नसेल तर सलाईनमधनं लोहाचं इंजेक्शन देतात, आयर्न सुक्रोज किंवा फेरिक कार्बोक्सिमाल्टोज, तेही हॉस्पिटलात डॉक्टरांच्या नजरेखाली, पण त्याला सुद्धा दोन-तीन आठवडे तरी आधी द्यायला हवं.

आणि डाळिंब. सांगोल्याचं डाळिंब चांगलंच आहे, बीटाचा ज्यूस पण प्या, पण रंग लाल म्हणून रक्त वाढतं असं नसतं, त्यात लोह अगदी थोडं असतं. ८ चं हिमोग्लोबिन ज्यूसवर ११ होत नाही, गोळी लागतेच.

"९ आहे, मग ऑपरेशनच्या आधी एक बाटली चढवून घेऊया की" हे पण लई ऐकायला मिळतं. एका पिशवीनं हिमोग्लोबिन साधारण १ नं वाढतं, बास. पेशंट स्थिर असेल, धाप लागत नसेल, छातीत दुखत नसेल तर आता जगभर ७ च्या खाली गेल्यावरच रक्त द्यायचा विचार करतात, हृदयरोग असलेल्याला किंवा हाडाच्या मोठ्या ऑपरेशनला ही रेघ ८ ला धरतात. सरसकट १० करूनच टेबलावर घ्यायचं ही जुनी सवय आहे. उगाच चढवलेली बाटली म्हणजे ताप, ॲलर्जी, छातीत पाणी होणं, अंगात नको त्या अँटिबॉडी (दुसऱ्याच्या रक्तपेशींवर हल्ला करणारे घटक) तयार होणं, ही सगळी जोखीम फुकटची विकत घेणं.

रक्त पातळ करायच्या गोळ्या, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरीन वगैरे चालू असतील तर पहिल्या भेटीतच सर्जनना आणि भूलतज्ज्ञांना पट्टी दाखवा. स्वतःच्या मनानं बंद पण करू नका, ज्याला स्टेंट आहे त्यानं तर अजिबात नाही. कुठली किती दिवस आधी थांबवायची ते दोघं डॉक्टर मिळून ठरवतात. गुडघा-खुबा असेल तर ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड देणार का हे बिनधास्त विचारा, त्यानं रक्तस्राव कमी होतो आणि बऱ्याच जणांची बाटली वाचते.

दोन बाटल्या कशासाठी?

हा प्रश्न विचारायला लोक लाजतात, डॉक्टरांना कसं विचारायचं म्हणून. विचारा. "साहेब, या ऑपरेशनला साधारण किती जणांना रक्त लागतं, आणि पिशवी क्रॉसमॅच करून ठेवायची का नुसतं ग्रुप आणि स्क्रीन पुरेल?" एवढं एक वाक्य. क्रॉसमॅच म्हणजे पिशवीतलं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळवून बघणं, ग्रुप आणि स्क्रीनचं पुढं सांगतो. हर्निया, हायड्रोसिल, दुर्बिणीतनं पित्ताशय, यांना रक्त जवळपास लागतच नाही, तरी फॉर्मवर सवयीनं एक-दोन पिशव्या लिहिलेल्या असतात. मोठं कॅन्सरचं, मणक्याचं, ओपन हार्ट यांना मात्र खरंच राखून ठेवावं लागतं. कुठल्या ऑपरेशनला जास्तीत जास्त किती पिशव्या मागवायच्या याची यादी हॉस्पिटलनी स्वतःच्या अनुभवावरनं बनवायची, ही पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेत सुरू झाली, तिला एमएसबीओएस म्हणतात. रक्तपेढीच्या भाषेत सी-टी रेशो असतो, म्हणजे किती पिशव्या जुळवून ठेवल्या आणि त्यातल्या किती खरंच चढवल्या, अडीचच्या वर गेला की समजायचं मागणी फुगवलेली आहे.

यात तुमचं काय जातं? तुमच्या पेशंटच्या नावानं राखलेली पिशवी दोन-तीन दिवस दुसऱ्या कुणाला देता येत नाही. फ्रीजमध्ये असून नसल्यासारखी. लाल पेशीच्या पिशवीचं आयुष्य ३५ नाहीतर ४२ दिवस, त्यातले दिवस असे राखण्यात जातात, आणि तिकडं बाळंतपणात रक्तस्राव झालेली बाई आली की आम्ही सगळीकडं फोन लावत बसतो. शिवाय जुळवणीचे पैसे तुमचे गेले ते गेलेच.

ग्रुप आणि स्क्रीन म्हणजे ग्रुप पक्का करायचा आणि पेशंटच्या रक्तात वेगळ्या अँटिबॉडी आहेत का ते आधीच तपासून ठेवायचं. त्या नसतील तर ऐनवेळी पिशवी थोडक्या वेळात जुळवून देता येते. पूर्ण क्रॉसमॅच पहिल्यापासनं करायला पाऊण ते एक तास लागतो. ही सोय सगळ्याच रक्तपेढ्यांत नसते, विचारून घ्या. आणि इथं एक गोष्ट मी उलटी सांगेन, ऑपरेशन करमाळ्याला किंवा मंगळवेढ्याला एखाद्या छोट्या दवाखान्यात असेल, जवळ रक्तपेढी किंवा साठवणूक केंद्र नसेल, तर डॉक्टरांनी पिशवी आधी आणून ठेवायला सांगितली की वाद घालू नका. करमाळ्याहून गाडी सोलापूरला येऊन परत जाईपर्यंत वाट बघणं रक्तस्राव होणाऱ्या पेशंटला परवडत नाही. फक्त ठेवायला रक्ताचा फ्रीज आहे का ते विचारा, औषधाचा किंवा घरगुती नाही, २ ते ६ डिग्री धरून ठेवणारा.

सॅम्पल आणि फॉर्म, सगळ्यात जास्त इथंच अडतं

ग्रुप चुकीचा चढला असं जेव्हा होतं तेव्हा बहुतेक वेळा मशीन किंवा केमिकल चुकलेलं नसतं, नाव चुकलेलं असतं. एकाच वॉर्डात दोन लक्ष्मीबाई, ट्यूब आधी लेबल लावून ट्रेमध्ये ठेवलेल्या, रक्त नंतर काढलं, संपला विषय. म्हणून सॅम्पल काढताना तुम्ही तिथं थांबा. सिस्टरनी पेशंटलाच नाव विचारायला पाहिजे, "लक्ष्मीबाई ना तुम्ही?" असं विचारलं तर अर्धवट झोपेतला माणूस हो म्हणतो, "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारायला पाहिजे. आणि लेबल रक्त काढल्यावर, तिथंच, कॉटजवळ उभं राहून लिहायचं: पूर्ण नाव, आयपीडी नंबर (ॲडमिट पेशंटचा नंबर), तारीख, वेळ, काढणाऱ्याची सही.

सोलापुरात अजून एक घोळ आहे, मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळी नावं एकाच रजिस्टरात. फॉर्मवर यल्लव्वा, ट्यूबवर यल्लम्मा. आम्ही परत पाठवतो.

"मालक, नाव जुळत नाही, सॅम्पल नवीन आणावं लागंल."

"ओ, एकच बाई आहे ती, माझी आई आहे, मला माहीत नसंल का?"

"तुम्हाला माहीत आहे अण्णा, ट्यूबला कुठं माहीत आहे."

लोक चिडतात, साहजिक आहे, रात्रीचे नऊ वाजलेले असतात. पण ट्यूबवरचं नाव तिथंच खोडून दुरुस्त करून देणारी रक्तपेढी असेल तर उलट तिथं काळजी करा. सोपा उपाय म्हणजे ॲडमिशनच्या वेळी आधार कार्डावरचं स्पेलिंग द्यायचं आणि शेवटपर्यंत तेच चालवायचं, घरचं लाडाचं नाव कुठंच नको.

फॉर्मवर काही गोष्टी असतात ज्या घाईत रिकाम्या सोडतात. आधी कधी रक्त चढवलंय का, कधी, तेव्हा काही रिॲक्शन आली का, बाईच्या किती बाळंतपणं, गर्भपात झालाय का. हे विचारायचं कारण असं की आधीच्या रक्तानं किंवा बाळंतपणानं अँटिबॉडी तयार झालेल्या असू शकतात, आणि मग ग्रुप जुळला तरी पिशवी जुळत नाही, पाच-सहा पिशव्या बघाव्या लागतात. गेल्या तीन महिन्यात रक्त चढलं असेल किंवा बाई गरोदर असेल तर सॅम्पल तीनच दिवस चालतं, त्यामुळं ऑपरेशन पुढं ढकललं की नवीन सॅम्पल लागतं, त्यात रक्तपेढीचा हट्ट वगैरे काही नसतो.

जुन्या कार्डावरच्या ग्रुपवर आम्ही कधीच जात नाही, दर वेळी नव्यानं तपासतो. कार्डावर ओ लिहिलेला आणि एकही ओ पिशवी जुळत नाही असा माणूस निघू शकतो, तो बॉम्बे ब्लड ग्रुप. मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली हा दाखवला, आपल्या भागात जगापेक्षा जास्त सापडतो तरी हजारोंत एखादाच, आणि त्याला फक्त दुसऱ्या बॉम्बे ग्रुपवाल्याचंच रक्त चालतं. ही गोष्ट पंधरा दिवस आधी कळली तर डोनर शोधता येतो, टेबलावर कळली तर अवघड. निगेटिव्ह ग्रुपचं पण तेच, आपल्याकडं निगेटिव्ह माणसं पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणून निगेटिव्ह पेशंट असेल तर आठवडाभर आधी रक्तपेढीत येऊन सांगून जा.

डोनर आणि पैसे

बदली डोनर दिल्याशिवाय पिशवी मिळणारच नाही अशी सक्ती करायची नसते, पण फ्रीज रिकामा असेल तर आम्ही तरी कुठनं देणार हेही खरं आहे, एप्रिल-मे मध्ये कॉलेजं बंद, ऊन असं की शिबिराला कोण येत नाही, तेव्हा चणचण असतेच. शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणपती अशा वेळी मात्र शिबिरांवर शिबिरं होतात. त्यामुळं द्यायचंच असेल तर घरच्यांनी ऑपरेशनच्या आठ-पंधरा दिवस आधी येऊन द्या. ऐन दिवशी दिलेलं रक्त तुमच्या पेशंटला लगेच जात नसतं, त्याच्या एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया अशा पाच तपासण्या होतात, मग ते वापरात येतं.

वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा, पुरुषाला आधीच्या रक्तदानानंतर ९० दिवस आणि बाईला १२० दिवस झालेले. आदल्या रात्री जागरण करून, उपाशीपोटी, तंबाखूची गोळी दाढेखाली धरून येणाऱ्याला आम्ही परत पाठवतो, मग म्हणू नका.

आता ज्यावर सगळ्यात जास्त भांडण होतं ते. "माझंच रक्त माझ्या आईला द्या, बाहेरचं नको." भावना समजते, पण सख्ख्या नातेवाइकाचं रक्त जास्त सुरक्षित असतं हा गैरसमज आहे. उलट जवळच्या रक्ताच्या नात्यात पेशी इतक्या सारख्या असतात की दात्याच्या पांढऱ्या पेशी पेशंटच्या अंगात टिकतात आणि पेशंटवरच हल्ला करतात, क्वचित होतं पण झालं तर माणूस वाचणं मुश्किल. म्हणून असं रक्त द्यायचंच झालं तर आधी पिशवीला रेडिएशन देऊन द्यावं लागतं आणि ती सोय सगळीकडं नसते. नवऱ्याचं रक्त बायकोला, तिला पुढं मूल हवं असेल तर, तेही टाळतात. तुम्ही रक्त द्या, ते दुसऱ्याला जाईल, आणि तुमच्या आईला दुसऱ्याचं, हेच बरोबर आहे.

पैसे देऊन डोनर आणायचा विचारसुद्धा नको. १ जानेवारी १९९८ पासनं पैसे घेऊन रक्त देणं देशात बंद आहे, सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं. हॉस्पिटलच्या गेटबाहेर कुणी "दोन हजार द्या, माणूस उभा करतो" म्हणालं तर सरळ निघून या, तो माणूस गेल्या महिन्यात तीन ठिकाणी देऊन आलेला असणार. रक्ताला किंमत नसते, प्रोसेसिंगचा खर्च असतो, २०२२ च्या राष्ट्रीय दरांप्रमाणे लाल पेशीच्या पिशवीला खासगी रक्तपेढीत १५५० आणि सरकारीत ११०० रुपयांपर्यंत, प्लाझ्मा आणि साध्या प्लेटलेटला त्याहून बरंच कमी. नॅट (विषाणू लवकर पकडणारी तपासणी) वगैरे जादा तपासणी केली असेल तर त्याचे वेगळे लागतात. पावती घ्याच. महात्मा फुले योजनेत केस असेल तर पैसे भरायच्या आधी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला गाठा. रक्तपेढी सिव्हिलची असो, दमाणी असो, कुठलीही असो, आधी फोन करून साठा विचारा, ई-रक्तकोश या सरकारी वेबसाइटवर पण दिसतो पण फोन केलेला बरा.

पिशवी हातात आल्यावर

मे महिन्यात सोलापूरचं ऊन ४३-४४ डिग्री, आणि माणूस पिशवी कॅरीबॅगमध्ये घालून स्कूटीच्या डिकीत टाकतो. डिकी म्हणजे तव्याखालची चूल. आइसपॅकवाला बॉक्स लागतो, बर्फ पिशवीला थेट चिकटू द्यायचा नाही, गोठलं तरी पेशी फुटतात. मधे चहाला थांबू नका, थेट ओटीत किंवा वॉर्डात सिस्टरच्या हातात द्या आणि किती वाजता दिली ते लिहून घ्या. फ्रीजमधनं निघाल्यापासनं अर्ध्या तासात लावायला सुरुवात, आणि सुरू केल्यापासनं चार तासात संपवायची. म्हणून वॉर्डात दोन पिशव्या पाहिजे असल्या तरी एकेकच न्या. गार आहे म्हणून गरम पाण्यात धरायची नाही, काखेत धरायची नाही.

लावताना दोन जणांनी मिळून पिशवीवरचा नंबर, ग्रुप, एक्स्पायरी आणि पेशंटच्या हातातल्या पट्ट्यावरचं नाव-नंबर वाचून जुळवायचं असतं. तुम्ही जवळ असाल तर तुम्ही पण वाचा, सिस्टर चिडणार नाहीत, चांगल्या सिस्टरना बरंच वाटतं. पहिली पंधरा मिनिटं थेंब हळू ठेवतात आणि पेशंटजवळ थांबतात, सगळ्यात वाईट रिॲक्शन याच वेळात दिसते. थंडी वाजून हुडहुडी, कमरेत दुखणं, छाती दाबल्यासारखी होणं, अंगावर पित्त, धाप, असं काही म्हणाला की लगेच सांगा, बाटली बंद करतील पण सुई काढणार नाहीत, आणि ती पिशवी सेटसकट रक्तपेढीला परत पाठवतील, फेकून देऊ देऊ नका, तपासणीला तीच लागते. "लवकर संपवा, घरी जायचंय" म्हणून नातेवाइकांनी चाक फिरवून थेंब वाढवायचे नाहीत, म्हाताऱ्या माणसाच्या छातीत पाणी होतं.

ऑपरेशन झालं, पेशंट बरा आहे, रक्त लागलं नाही, तर राखलेली पिशवी सोडायला त्याच दिवशी सांगा, डॉक्टरांकडनं किंवा सिस्टरकडनं रक्तपेढीला फोन करून घ्या. वॉर्डात आणून ठेवलेली, न उघडलेली पिशवी अर्ध्या तासाच्या आत गार असताना परत आली तरच आम्ही ती पुन्हा वापरू शकतो, दुसऱ्या दिवशी आणून दिलेली कचऱ्यात जाते.

रक्त चढवलं असेल तर क्रॉसमॅचच्या स्लिपची झेरॉक्स डिस्चार्जच्या फाइलला लावून ठेवा. घरी गेल्यावर पहिल्या दोन आठवड्यात ताप आला, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा हिमोग्लोबिन कारण नसताना पुन्हा खाली आलं तर ती फाइल घेऊन डॉक्टरांकडं जा आणि रक्त चढवलं होतं हे पहिल्यांदा सांगा, उशिरा येणारी रिॲक्शन अशीच असते आणि नाहीतर ती कावीळ म्हणून औषध चालू होतं. रक्तपेढीनं अँटिबॉडीचं कार्ड दिलं असेल तर ते पाकिटात, आधार कार्डाच्या मागं.